नेमबाजाचा चष्मा आणि तालुक्याची नजर

पॅरिस येथे २०२४ साली झालेल्या ऑलिंपिक स्पर्धांत दहा मीटर हवाई पिस्तुलाच्या मिश्र सांघिक प्रकारात मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी भारताला कांस्यपदक मिळवून दिले. त्याच प्रकारात रौप्यपदक पटकाविणाऱ्या तुर्कस्तानच्या जोडीतील यूसुफ दिकेच या एक्कावन्न वर्षांच्या गृहस्थाचे छायाचित्र मात्र पदकाहूनही अधिक गाजले. एक हात खिशात, अंगात साधा टी-शर्ट आणि नाकावर एखाद्या कचेरीतील हेडक्लार्कला शोभावा असा नेहमीचा चष्मा! याच स्पर्धांत दक्षिण कोरियाच्या किम ये-जी हिने महिलांच्या हवाई पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळविले. तिच्या डोळ्यांपुढे भिंग, झडप आणि पडदा यांची अशी काही जुळणी होती की तिला पाहून घड्याळजीची आठवण व्हावी. दोन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून जगभर विनोद झाले, आणि त्या विनोदातून एक निष्कर्षही सर्वत्र पसरला. तो असा, की ज्याच्या अंगी कसब आहे त्याला खास चष्म्याची गरज नाही. हे सारे पैसेवाल्यांचे चोचले आहेत.

निष्कर्ष सोयीचा आहे, परंतु खरा नाही. दिकेच यांचा चष्मा साधा होता म्हणजे तो चुकीचा होता असे नव्हे. २००८ पासून पाच ऑलिंपिक स्पर्धांत उतरलेल्या माणसाला आपल्या डोळ्याला काय दिसते आणि काय दिसावयास हवे, हे पुरते ठाऊक असते. चौकट साधी असली तरी चालते. भिंग मात्र कामाला साजेसे असावे लागते. आणि आर्वीसारख्या गावी नेमबाजी शिकू पाहणाऱ्या मुलाची अडचण नेमकी येथेच सुरू होते. त्याला जर्मनीची चौकट मिळत नाही ही त्याची खरी अडचण नव्हे. कामाला साजेसे भिंग कोणते हे सांगणारा माणूस त्याला मिळत नाही, ही आहे.

आर्वी हे वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कापूस आणि संत्री यांचा हा मुलूख. येथून पुलगावपर्यंत धावणारी अरुंद मार्गाची चिमुकली आगगाडी बंद पडून कित्येक वर्षे लोटली. आता वर्धा असो, अमरावती असो वा नागपूर, सारा प्रवास सडकेने. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे, महाविद्यालये आहेत. चष्म्याची दुकाने तर अशा कोणत्याही गावाच्या बाजारपेठेत असतातच. या जिल्ह्याचे एक गंमतीचे वैशिष्ट्य असे, की एका अंगाला अहिंसेचे व्रत घेतलेल्या महापुरुषाचे सेवाग्राम आणि दुसऱ्या अंगाला पुलगावचे लष्करी दारूगोळ्याचे अवाढव्य भांडार, अशा दोन्ही गोष्टी तो पोटात घेऊन आहे. गांधीजींचा गोल चष्मा तर जगातील सर्वांत ओळखीचा चष्मा. त्यांच्या एका चष्म्याला २०२० साली इंग्लंडातील ब्रिस्टल येथे लिलावात दोन लाख साठ हजार पौंड मोजले गेले. ज्या जिल्ह्याच्या नावाशी असा चष्मा जोडला गेला, तेथील तरुणाला योग्य चष्मा मिळण्यासाठी दारोदार हिंडावे लागावे हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा. असो.

समजा, आर्वीतील सतरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीला राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरात पहिल्यांदा बंदूक हाती घ्यावयास मिळाली. नेम बरा लागला, गोडी लागली. ठरावीक शक्तीच्या आतील हवाई शस्त्राला परवान्याचे लचांड नसते, त्यामुळे वडिलांनी ऐपत ताणून हवाई पिस्तूल आणून दिले. मुलीला लांबच्या नजरेचा उणे दोन नंबर आहे. काही महिने गुण वाढत जातात, आणि मग एका टप्प्यावर येऊन थांबतात. सकाळच्या उघड्या प्रकाशात नेम ठीक लागतो. सभागृहातील अंधुक दिव्यांखाली मात्र बिघडतो. पहिल्या वीस फैरी चांगल्या जातात आणि शेवटच्या वीस विखुरतात. घरचे म्हणतात, एकाग्रता नाही. शिक्षक म्हणतात, हात थरथरतो, दंड घाल. मुलगी दंड घालते. तरीही गुण जागचे हलत नाहीत. पुढे परीक्षा येतात आणि पिस्तूल कपाटात जाते. या साऱ्या काळात, दोष हाताचा नसून डोळ्यापुढील काचेचा असू शकेल, हे तिला कोणीही सांगितलेले नसते.

समजा, कोणी सांगितले आणि ती बाजारातील चष्म्याच्या दुकानात गेली. नेमबाजीसाठी चष्मा हवा, एवढे म्हटल्याबरोबर दुकानदार मोठ्या उत्साहाने काउंटरवर काय काय मांडील? मोटारसायकलवर घालण्याचा काळा गॉगल, रात्री गाडी चालविण्यासाठी म्हणून विकला जाणारा पिवळ्या काचांचा चष्मा, फार तर वेल्डिंगवाल्यासाठी असतो तसा संरक्षक चष्मा. हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कारण दुकानदार काही फसवीत नसतो. त्याच्या समजुतीप्रमाणे डोळ्याला दोनच कामे असतात: दूरचे पाहणे आणि वाचणे. त्याच्या भिंतीवरील अक्षरांचा तक्ता सहा मीटरांसाठी बनविलेला असतो. उट्रेख्टच्या स्नेलेन नावाच्या डॉक्टरांनी १८६२ साली तो प्रसिद्ध केला, तेव्हापासून जग त्यावरच चालले आहे. वाचनाचा कागद हातभरापेक्षा कमी, सुमारे चाळीस सेंटिमीटर अंतरावर धरला जातो. या दोन अंतरांच्या मध्ये जो विस्तीर्ण प्रदेश पसरलेला आहे तो तपासणीत येतच नाही. आणि नेमबाजाचे सारे राज्य नेमके त्या मधल्या प्रदेशात असते.

हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. पिस्तुलाच्या मागच्या बाजूला एक खाच असते आणि नळीच्या टोकाशी एक लहानसा चौकोनी दांडा असतो. त्याला आपल्याकडे माशी म्हणतात. खाचेच्या बरोबर मध्ये माशी, दोहोंचे माथे एका रेषेत, आणि पलीकडे लक्ष्याचा काळा गोल, असे तीन पदार्थ नेमबाजाला एकाच वेळी जुळवावयाचे असतात. हात पूर्ण लांबविला असता माशी डोळ्यापासून सुमारे एक मीटरवर येते. खाच त्याहून जवळ राहते. आणि लक्ष्य तर दहा मीटरवर. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. तेव्हा स्पष्ट काय पाहावयाचे आणि अंधुक काय सोडावयाचे, हा निवाडा प्रत्येक फैरीच्या वेळी करावाच लागतो.

येथे आपल्या मनावरील एक जुना संस्कार आड येतो. द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेची कथा लहानपणापासून सर्वांना पाठ. झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, पक्षीही दिसत नाही, केवळ पक्ष्याचा डोळा दिसतो, असे सांगणारा अर्जुन उत्तीर्ण झाला. एकाग्रतेचा धडा म्हणून ही कथा अजोड आहे. परंतु आजच्या पिस्तूल नेमबाजीच्या वर्गात हाच अर्जुन नापास झाला असता. तेथे गुरू विचारतात, तुला काय दिसते? आणि बरोबर उत्तर असते, मला माशी दिसते. लक्ष्य अंधुक आहे.

कारण हिशेबाचे आहे. खाच आणि माशी यांच्यातील अंतर साधारण बत्तीस सेंटिमीटर धरले, आणि माशी खाचेच्या मध्यापासून केवळ अर्धा मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवरील कागदावर छर्रा सुमारे पंधरा मिलिमीटर दूर जाऊन पडतो. हवाई पिस्तुलाच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ आहे साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे. म्हणजे मध्यापासून कड पावणेसहा मिलिमीटरांवर! तिथे पंधरा मिलिमीटरांची चूक म्हणजे सरळ दहातून नऊच्या काठावर. उलटपक्षी, खाच व माशी बिनचूक जुळलेली असताना सबंध हात अर्धा मिलिमीटर बाजूला गेला तर छर्राही अर्धा मिलिमीटरच सरकतो. म्हणून माशी धूसर दिसणे हे लक्ष्य धूसर दिसण्यापेक्षा कितीतरी पटींनी महागात पडते. रायफलीचा प्रकार थोडा निराळा. तेथे मागे खाचेऐवजी बारीक छिद्र असते आणि अशा छिद्रातून पाहिले असता जवळचे व दूरचे दोन्ही बऱ्यापैकी रेखीव दिसते. परंतु दहा मीटर हवाई रायफलीचे दहा गुण म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. तेथे बऱ्यापैकी दिसण्यावर भागत नाही.

आता चष्म्याच्या नंबराचा हिशेब पाहा. एक मीटरवरील वस्तू स्पष्ट पाहण्यासाठी डोळ्याला एक डायॉप्टरची मदत लागते. दहा मीटरवरील वस्तूसाठी एक दशांश डायॉप्टर पुरते. दोहोंच्या मध्ये साधारण अर्धा डायॉप्टर येतो. भिंग तेवढे दिले, की माशी रेखीव होते आणि लक्ष्य पुरते हरवत नाही. म्हणजे लांबच्या नजरेचा जो खरा नंबर असेल त्यात अर्धा किंवा पाऊण अधिक मिळवावयाचा. ज्या मुलीला उणे दोन आहे तिला नेमबाजीसाठी उणे दीड. ज्या पंचेचाळिशीतील शिक्षकाला लांबचा नंबर मुळीच नाही त्याला अधिक अर्धा किंवा पाऊण. बस्स, एवढेच. यात परदेशी विद्या कोणतीही नाही; आर्वीच्या दुकानातील तपासणीच्या पेटीत ही भिंगे आजही पडून असतात.

पण होते काय? मुलगी दुकानात जाते तेव्हा तिला तक्त्यावरील शेवटची ओळ वाचावयास लावतात. उणे नंबर थोडा वाढविला की अक्षरे अधिक काळी, अधिक कोरीव भासतात. तरुण डोळा ते ओझे निमूटपणे सोसतो. ‘हे बरे की हे बरे?’ या प्रश्नाला ती ‘हे बरे’ म्हणते, आणि उणे दोनच्या जागी उणे सव्वादोन किंवा अडीच घेऊन घरी येते. नेमबाजीला हवी असलेली दिशा एक, आणि मिळालेली नेमकी उलटी! मग माशी स्पष्ट करण्यासाठी डोळ्यातील स्नायूला प्रत्येक फैरीला दुप्पट जोर लावावा लागतो. साठ फैरी, सव्वा तास. शेवटच्या वीस फैरी विखुरतात त्या येथे. पंचेचाळिशीतील शिक्षकाची कथा याच्या विरुद्ध. तो जवळचे दिसत नाही म्हणतो, त्याला वाचनाचा अधिक दीड नंबर मिळतो. त्या काचेतून हातातील वर्तमानपत्र लख्ख दिसते, एक मीटरवरील माशी धुरकट होते आणि दहा मीटरवरील लक्ष्य तर ढगात जाते. दुहेरी काचेचा चष्मा असला तर मान वर-खाली करीत योग्य तुकडा शोधण्यातच त्याचा श्वास संपतो.

नंबराखेरीज आणखी एक बाब आहे, ती भिंगाच्या मध्याची. नेहमीचा चष्मा समोर सरळ पाहणाऱ्या माणसासाठी बेतलेला असतो. रायफलवाला मात्र गाल दस्त्यावर टेकवून, मान कलती करून नाकाच्या बाजूने, भिंगाच्या वरच्या कोपऱ्यातून पाहतो. भिंगाच्या कोपऱ्यातून तिरके पाहिले की गोल लांबट होतो, कडा दुहेरी होतात. नंबर जितका मोठा तितका हा दोष अधिक. नेमबाजांसाठी जर्मनीत व स्वित्झर्लंडमध्ये बनणाऱ्या चौकटींत सारी करामत आहे ती एवढ्यासाठी. एकच गोल भिंग पुढे-मागे, वर-खाली फिरवून नजरेच्या रेषेला बरोबर काटकोनात आणता येते. दुसऱ्या डोळ्यापुढे लहानसा पडदा असतो, म्हणजे तो डोळा मिटून चेहऱ्याचे स्नायू आखडावे लागत नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमांनी त्या पडद्याची रुंदी तीस मिलिमीटरपर्यंत ठरवून दिली आहे. ही चौकट उत्तम, यात शंका नाही. पण ती हजारो रुपयांना पडते आणि तीत चुकीच्या नंबराचे भिंग बसविले तर तीही कुचकामी. पिस्तूलवाल्याचे काम तर जुन्या चौकटीत योग्य भिंग आणि दुसऱ्या काचेवर चिकटविलेला पांढुरक्या कागदाचा तुकडा एवढ्यावर कित्येक वर्षे भागू शकते. भिंग मात्र न फुटणाऱ्या प्लॅस्टिकचे, पॉलिकार्बोनेटचे असावे. उलटून आलेला छर्रा नंबर विचारीत नाही.

हे ज्ञान गुप्त नाही. महाराष्ट्रातच ते आहे. फक्त ते सर्वत्र पसरलेले नाही. मुंबईच्या वरळी येथील नेमबाजी केंद्रावर छात्रसेनेच्या वाटेने आलेल्या अंजली भागवत २००० साली सिडनीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले, तेथीलच राही सरनोबत यांनी २०१८ साली आशियाई सुवर्णपदक आणले, आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक. एका जिल्ह्यातून इतके नेमबाज निपजावेत याचे कारण तेथील पाण्यात नाही. जेथे नेमबाजांची एक पिढी उभी राहते तेथे दुसऱ्या पिढीला बारीकसारीक गोष्टी आपोआप कळतात: गोळी कोणती घ्यावी, बूट कोठे शिवून घ्यावेत, आणि कोणत्या चष्मेवाल्याकडे जाऊन काय सांगावे. थोरल्या खेळाडूने धाकट्याचा हात धरून दुकानात नेले की काम झाले. तो दुकानदारही दहा नेमबाजांची भिंगे घासून अकराव्यासाठी शहाणा होतो. आर्वीला हात धरणारा थोरला खेळाडू नाही, म्हणून दुकानदारही शहाणा होत नाही. कांबळवाडी हेही खेडेच; परंतु नाशिकच्या क्रीडाप्रबोधिनीने तेथील मुलाला वेळेवर उचलले. वर्ध्याच्या पलीकडील तीरावर रुक्मिणीचे कौंडिण्यपूर आहे, येथवर आमच्या अभिमानाची मजल जाते. त्याच तीरावरील मुलांना कोण उचलणार, याचे उत्तर पुराणात सापडणार नाही.

कोणी म्हणेल, ज्या मुलखात कापसाच्या भावाने शेतकऱ्याच्या गळ्याशी फास आणला, तेथे पिस्तुलाच्या चष्म्याची चिंता करणे ही चैन नव्हे काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. आपल्या देशात १९७६ पासून अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया, शाळकरी मुलांची तपासणी, गरजूंना मोफत चष्मे ही कामे त्यातून झाली, आणि त्यांचे मोल नेमबाजीच्या शंभर पदकांहून अधिक आहे. पण एकदा आंधळेपण टळले की नजरेचा प्रश्न संपला, असे मानण्याची जी सवय आपल्याला जडली, तिचा फटका केवळ नेमबाजाला बसत नाही. सराफाच्या पेढीवर मागील बाजूला बसलेला कारागीर, शिवणयंत्रावर वाकलेला शिंपी, हार्मोनियमवर स्वरलिपी ठेवून शिकविणारे मास्तर, तहसील कचेरीत दिवसभर संगणकाच्या पडद्यापुढे बसणारा लिपिक, या सर्वांचे काम त्याच मधल्या प्रदेशात, हाताच्या अंतरावर चालते. चाळिशी उलटली की त्यांना वाचनाचा चष्मा मिळतो आणि ते त्या काचेला जुळेल असे वाकून काम करू लागतात. मान दुखते, डोके दुखते. औषध मानेला आणि डोक्याला दिले जाते. संगणकवाला लिपिक आणि पिस्तूलवाली मुलगी यांचे दुखणे मुळात एकच आहे. फरक इतकाच, की लिपिकाची चूक फाइलीत दडून जाते आणि मुलीची चूक कागदावर छिद्र पाडून दाखविते.

म्हणजे दोष शेवटी चष्मेवाल्याचा का? तसे म्हणणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. बाजारपेठेत ‘डोळे तपासणी मोफत’ ही पाटी आपणच लोकप्रिय केली. तपासणी मोफत याचा अर्थ तपासणाऱ्याच्या वेळेला किंमत नाही. त्याचे पोट चौकटीच्या नफ्यावर. ज्या गिऱ्हाइकाला जुन्याच चौकटीत एक भिंग बदलून हवे आहे आणि त्यासाठी अर्धा तास निरनिराळी भिंगे लावून पाहावयाची आहेत, ते गिऱ्हाईक दुकानदाराला परवडतच नाही. पाच मिनिटांत नंबर आणि पंधरा मिनिटांत चौकट, हा त्याचा धंदा. डॉक्टरला तपासणीची फी देताना कुरकुर न करणारा माणूस दृष्टी तपासणाऱ्याला ती देण्यास तयार नसतो. जोवर ही रीत आहे तोवर त्या अर्ध्या तासाची अपेक्षा करण्याचा अधिकारही आपल्याला नाही.

कायद्याच्या बाजूने थोडी हालचाल झाली आहे. संसदेने २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांविषयी जो कायदा केला त्यात ऑप्टोमेट्रिस्टचा व्यवसायही समाविष्ट आहे. तोपर्यंत या व्यवसायाला देशपातळीवर वैधानिक परिषदच नव्हती. चष्मा विकणारा आणि दृष्टी तपासणारा यांतील भेद गिऱ्हाइकाला कळण्याचा मार्ग नव्हता. परंतु कायद्याचे पुस्तक दिल्लीत छापले म्हणून आर्वीच्या दुकानात शिकलेला माणूस येऊन बसत नाही. मुंबई-पुण्यात ऑप्टोमेट्रीची महाविद्यालये आहेत आणि तेथून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना शहरातील झगमगीत दुकाने उचलतात. तालुक्याच्या वाट्याला उरतो तो वडिलांच्या दुकानात पाहून पाहून शिकलेला मुलगा. त्याला हिणवण्याचे कारण नाही; त्याला शिकविण्याची सोय मात्र हवी.

ती सोय करणे अवघड आहे काय? सेवाग्राम येथे १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडून नेत्रविभाग आहे. वर्ध्याला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांची कचेरी आहे; आंतरशालेय स्पर्धांच्या व्यवस्थेत नेमबाजीचाही अंतर्भाव आहे. या दोघांनी वर्षातून दोन दिवस एकत्र बसावयाचे ठरविले, तर जिल्ह्यातील नेमबाजीच्या साऱ्या मुलांची तपासणी होऊन त्याच बैठकीत तालुक्यातील चष्मेवाल्यांना मधल्या अंतराचा हिशेबही समजावून देता येईल. यासाठी नवे अनुदान नको, नवी समिती तर नकोच. समिती नेमली की तिच्या अहवालाला पाच वर्षे लागतात. तोवर सतरा वर्षांची मुलगी बावीसची होते.

तोपर्यंत आर्वीच्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी काय करावे? पिस्तूल घेऊन चष्म्याच्या दुकानात शिरणे शहाणपणाचे नाही. बाजारात गहजब व्हावयाचा. त्यापेक्षा सुताराकडून आपल्या पिस्तुलाच्या लांबीचा एक लाकडी तुकडा करून घ्यावा. त्याच्या मागच्या टोकाला काळ्या पुठ्ठ्याची खाच आणि पुढच्या टोकाला काळ्या पुठ्ठ्याची माशी चिकटवावी. मैदानावर ज्या पवित्र्यात उभे राहतो त्याच पवित्र्यात कोणाला तरी शिंप्याच्या टेपने डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर मोजावयास सांगावे आणि ते चिठ्ठीवर लिहून न्यावे. सकाळी ताजेतवाने डोळे घेऊन न जाता दिवसभराच्या अभ्यासानंतर संध्याकाळी जावे, आणि दुकानातील गर्दी ओसरेपर्यंत थांबावे. दुकानदाराला प्रथम लांबचा खरा नंबर काढावयास सांगावे. अक्षरे अधिक काळी दिसतात म्हणून उणे नंबर वाढवू देऊ नये. मग तपासणीच्या चौकटीत त्या नंबरावर अधिक पाव, अधिक अर्धा, अधिक पाऊण अशी भिंगे क्रमाने ठेवीत लाकडी तुकडा उचलून भिंतीवरील काळ्या ठिपक्यावर धरावा. ज्या भिंगाने माशीच्या कडा धारदार होतील आणि ठिपका विरघळून न जाता गोलच राहील, ते आपले भिंग. दोन भिंगांत निवड होईना तर कमी अधिक असलेले घ्यावे. रायफलवाल्याने मान कलती करून, गाल टेकवून हीच परीक्षा द्यावी आणि नजर भिंगाच्या ज्या जागेतून जाते तेथे शाईचा ठिपका करून घ्यावा. भिंगाचा मध्य तेथे यावा, असे दुकानदाराला निक्षून सांगावे.

आणि हे सारे झाल्यावर, पाटीवर मोफत लिहिलेले असले तरी, त्या अर्ध्या तासाचे पैसे काउंटरवर ठेवावेत. पहिल्या खेपेस दुकानदार ते घेणार नाही, चहा मागवील आणि तो लाकडी तुकडा हातात घेऊन स्वतःच एकदा नेम धरून पाहील.